इंग्लंडमधला आठ ते बारा आठवड्यांचा नेतृत्व अभ्यासक्रम: राहणं, शिकणं आणि रुळणं यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीत दहा-पंधरा वर्षं घालवलेले अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते, पत्रकार, प्राध्यापक, छोटे उद्योजक असे अनेकजण लंडन किंवा ऑक्सफर्डला काही आठवड्यांच्या नेतृत्व अभ्यासक्रमासाठी जातात. कुणी ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग गुरुकुलसारख्या फेलोशिपवर जातं, कुणाला ऑफिस पाठवतं, कुणी स्वतःच्या खर्चाने जातं. या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत.

वर्षभर शिकायला जाणाऱ्यांसाठी भरपूर माहिती मिळते. तीच आम्हाला चालणार नाही का?

अर्धी चालेल, अर्धी नुसता वेळ खाईल. वर्षभराच्या विद्यार्थ्याला रुळायला महिना लागला तरी बिघडत नाही. तुमचा मात्र महिना म्हणजे एक तृतीयांश ते निम्मा अभ्यासक्रम. बँक खातं, भाड्याचं घर, रेल्वेचं विद्यार्थी सवलत कार्ड, अर्धवेळ नोकरी यांतलं तुम्हाला बहुतेक काहीच मिळणार नाही आणि लागणारही नाही. उलट सिम, पैसे, औषधं, पहिल्या तीन दिवसांचं जेवण, ऑफिसचा पदभार आणि वाचनाचा पहिला गठ्ठा हे सगळं विमानात बसण्याआधीच मार्गी लागलेलं असावं. सोमवारी वर्ग सुरू होत असेल तर शुक्रवारी पोहोचा. रविवारी रात्री पोहोचून सोमवारी सकाळी नऊला ओळखीच्या सत्राला उभं राहिलेला माणूस पुढचे चार दिवस झोपेशीच झगडत असतो.

कोणता व्हिसा लागतो?

सहा महिन्यांच्या आतला, मान्यताप्राप्त संस्थेतला अभ्यासक्रम असेल तर साधारणपणे स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर शिकता येतं. काही फेलोशिप वेगळ्या वर्गाचा व्हिसा घ्यायला सांगतात. अशा वेळी आयोजकांनी पत्रात लिहिलेला वर्गच घ्यायचा, एजंटाचा सल्ला नाही.

अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, शुल्क भरायचं, मग मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात वेळ घेऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. त्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा. सोबत प्रवेशाचं पत्र, खर्च कोण करणार याचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, रजेचा आदेश आणि सरकारी नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ना हरकत प्रमाणपत्राची फाइल टेबलाटेबलांवरून फिरते, म्हणून निवडीचं पत्र आलं त्याच दिवशी ती हलवा. व्हिसापेक्षा जास्त लोकांचा जीव इथेच टांगणीला लागतो.

अर्जात घोटाळा होतो तो बहुधा पैशांच्या हिशेबात. फॉर्ममध्ये 'खर्च संस्था करणार' लिहिलेलं असतं आणि जोडलेल्या पत्रात फक्त शुल्काचा उल्लेख असतो, राहण्या-खाण्याचा नसतो. शिवाय अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात मोठी रक्कम जमा झालेली दिसली तर ती कुठून आली याचा कागद जोडा.

सहा महिन्यांच्या आतल्या मुक्कामाला क्षयरोगाची चाचणी लागत नाही आणि आरोग्य अधिभारही भरावा लागत नाही. या व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही, आणि तिथे राहूनच तो विद्यार्थी व्हिसात बदलूनही मिळत नाही. ई-व्हिसा मिळाला असेल तर ऑनलाइन खातं उघडून त्याला चालू पासपोर्ट जोडलेला आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहा.

पैसे कसे न्यायचे? तिथे बँक खातं उघडावं का?

नको. बहुतेक बँकांना तिथला पत्त्याचा पुरावा आणि लांब मुक्काम हवा असतो. तो जमवेपर्यंत तुमची परतीची तारीख येते. पौंडांमध्ये भरलेलं फॉरेक्स कार्ड मुख्य ठेवा, दुसऱ्या बँकेचं एक क्रेडिट किंवा डेबिट कार्ड राखीव ठेवा, आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका. साधी भारतीय कार्डं परदेशात वापरली की बहुधा साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. कार्डावरचे परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावी लागते. ती बंद राहिल्यामुळे पहिल्याच दुकानात कार्ड नाकारलं जातं आणि माणूस घाबरतो.

दुकानातल्या मशीनवर किंवा एटीएमवर 'रुपयांत की पौंडांत' असं विचारलं तर नेहमी पौंड निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाल्याचा लागतो, आणि तो महागच पडतो.

रोख दीडशे-दोनशे पौंड पुरतात, तेही पाच, दहा, वीसच्या नोटांत. घरात कुणी जुन्या सहलीतल्या कागदी नोटा दिल्या तर त्या तपासा: वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर चलनात नाहीत. फेलोशिपचा भत्ता मिळणार असेल तर तो कोणत्या रूपात आणि कोणत्या तारखेला मिळणार, हे आधीच लेखी विचारा. पहिला हप्ता दुसऱ्या आठवड्यात येणार असेल तर तोवरचा खर्च तुमच्या कार्डावर असायला हवा.

भारतीय सिमचं काय करायचं?

ते बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा, मुक्काम संपेपर्यंत पुरेल अशी वैधता टाका, आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्या सिमचा डेटा बंद ठेवा. बोलणं आणि इंटरनेटसाठी लेबारा, गिफगॅफ यांच्यासारखं महिन्याचं प्रीपेड सिम घ्या. त्याला करार नको, पत्त्याचा पुरावा नको. फोनमध्ये ई-सिम चालत असेल तर ते घरीच टाकून ठेवा आणि तिथे उतरल्यावर चालू करा. विद्यापीठाचं वायफाय एडुरोम या नावाचं असतं. त्याचं लॉगिन मिळालं की दुसऱ्या विद्यापीठांतही ते चालतं.

आजारी पडलो तर? तिथे उपचार फुकट असतात ना?

सगळे नाहीत. जीपीकडे, म्हणजे तिथल्या घरच्या डॉक्टरकडे, तात्पुरता रुग्ण म्हणून नाव नोंदवता येतं आणि तपासणीचे पैसे पडत नाहीत. अपघात विभागातले प्राथमिक उपचारही फुकट असतात. पण रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर व्हिजिटर म्हणून आलेल्यांना नेहमीच्या दराच्या दीडपट बिल लावलं जातं. म्हणून प्रवास विमा घेतल्याशिवाय निघू नका, आणि मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया हे सगळं अर्जात खरं लिहा. लपवलेला आजार हे दावा फेटाळायला सर्वांत सोपं कारण असतं.

जीव धोक्यात असेल तर 999, नसेल पण डॉक्टर हवा असेल तर 111. प्रतिजैविकं प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाहीत. आपल्याकडच्यासारखं दुकानदाराला विचारून काम होत नाही. रोजची औषधं पूर्ण मुक्कामाची अधिक दोन आठवड्यांची, मूळ पाकिटात, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत ठेवा. दातांचं काम इथेच उरका, तिथे खासगी दंतवैद्य खिसा रिकामा करतो. चष्म्याची दुसरी जोडी घ्या.

सामानात काय हवं?

विजेचा दाब 230 व्होल्ट, आपल्यासारखाच. पण तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा, आतमध्ये फ्यूज असलेला. आपली गोल पिन त्यात जात नाही. दोन चांगले ॲडाप्टर पुरतात. लॅपटॉपसाठी तर चार्जरच्या डब्यापासून भिंतीपर्यंतची तेवढी वायर तिथल्या प्लगची घेतली की ॲडाप्टरही नको. मिक्सर, राइस कुकर, इस्त्री इथून नेऊ नका. वसतिगृहांत विजेच्या उपकरणांची सुरक्षा तपासणी होते आणि तिथल्या मानकाचा प्लग नसलेली वस्तू उचलून नेतात.

कपडे एक जाड घेण्यापेक्षा तीन पातळ थरांत घ्या: अंगाला चिकटणारं थर्मल, मध्ये लोकरी स्वेटर, वर टोपी असलेलं पाणी न शिरणारं जॅकेट. वर्गात आणि गाड्यांत हीटर असतो, त्यामुळे दिवसातून दहा वेळा काढ-घाल करावी लागते. छत्री वाऱ्याने उलटी होते, म्हणून जॅकेटची टोपी महत्त्वाची. पायात पाणी न शिरणारे, आधी महिनाभर वापरून पायाला बसलेले बूट हवेत. एक ब्लेझर किंवा बंदगळा आणि एक चांगली साडी हवीच, कारण अशा अभ्यासक्रमांत औपचारिक रात्रभोजन ठरलेलं असतं. साडीसोबत घालायला पूर्ण बाह्यांचं गरम ब्लाउज शिवून घेतलेलं बरं.

घरचं खायचं काय नेता येतं?

गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, पोहे, साबुदाणा, पापड, कोकम हे सगळं कोरडं, सीलबंद आणि नावाची चिठ्ठी लावून न्या. भाजणी बिननावाच्या पिशवीत असेल तर ती कसली पावडर आहे हे विमानतळावर समजावत बसावं लागतं.

मांस आणि दुग्धजन्य पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर, खवा, पेढे, बर्फी, श्रीखंड घरीच ठेवा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांचाही नाद सोडा. वर्गातल्या मंडळींना भेट म्हणून चिक्की छान, पण ती देताना शेंगदाणे आहेत हे आधी सांगा. तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले लोक भेटतात आणि ती जिवावर बेतू शकते.

पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

हीथ्रो विमानतळावरून मध्य लंडनला भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन स्वस्त, सुमारे तासाभराची. एलिझाबेथ लाइन जास्त वेगवान आणि थोडी महाग. ऑक्सफर्डला थेट बस जाते. दोन मोठ्या बॅगा असतील तर भुयारी स्टेशनांवरचे जिने लक्षात घ्या. बऱ्याच जुन्या स्टेशनांवर लिफ्ट नाही, म्हणून नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं स्टेशन निवडा.

वसतिगृहाचं कार्यालय किती वाजेपर्यंत उघडं असतं हे मेलवर आधी विचारून ठेवा. रात्री पोहोचणार असाल तर किल्ली कुठून घ्यायची ते लेखी हवं. खोलीत शिरल्यावर सामान उघडण्याआधी भिंती, गादी, सिंक, टेबल यांचे फोटो काढा आणि काही मोडलेलं असेल तर त्याच दिवशी मेल करा, नाहीतर निघताना भरपाई तुमच्या नावावर पडते. खोलीत भांडी आणि पांघरूण असतं की नाही हेही आधीच विचारा. अनेक ठिकाणी नसतं, आणि पहिली रात्र जॅकेट पांघरून काढावी लागते.

नळाचं पाणी थेट पिता येतं. लंडन-ऑक्सफर्डचं पाणी जड असल्यामुळे किटलीत पांढरा थर साठतो. तो चुन्याचा असतो, अपायकारक नाही.

दुकानांबाबत एक गोष्ट फार लोकांना अडकवते. इंग्लंडमध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात फक्त सहा तास उघडू शकतात. रविवारी संध्याकाळी सात वाजता भाजी घ्यायला निघालात तर छोट्या, महाग दुकानावरच भागवावं लागतं.

फोडणी घातली की फायर अलार्म वाजतो, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण अलार्म वाजला की अख्खी इमारत रात्रीच्या थंडीत रस्त्यावर उभी राहते.

वसतिगृहांत बहुधा स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारं यंत्र असतं, तर खोल्यांत आणि बोळात धूर ओळखणारं. म्हणजे फोडणीचा थोडा धूर स्वयंपाकघरात चालून जातो, पण दार उघडं राहिलं तर तोच धूर बोळात जातो आणि तिथलं यंत्र बोंबलतं. ते दार जड आणि आपोआप बंद होणारं असतं ते याचसाठी. त्याला खुर्ची लावून उघडं ठेवू नका. शेगडीवरचा पंखा तेल तापवण्याआधी चालू करा, खिडकी उघडा, तेल चमचाभर घ्या, आच मध्यम ठेवा. मोहरी तडतडली की लगेच कांदा किंवा पाणी घाला. लाल मिरची आणि हिंग धुरावलेल्या तेलात टाकू नका. पापड थेट आचेवर भाजू नका, मायक्रोवेव्हमध्ये पाऊण-एक मिनिटात छान फुलतो.

खोलीत उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती चालत नाही. देवासमोर बॅटरीवरचा दिवा ठेवा. यंत्रावर पिशवी बांधणं हा तर गंभीर गुन्हा समजला जातो आणि खोली गमवावी लागू शकते.

शेगडी बहुधा सपाट काचेची असते. गोल बुडाची कढई तिच्यावर डुगडुगते आणि मधोमधच तापते. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच ते चालतं. प्रेशर कुकर न्यायचाच असेल तर दोन-तीन लिटरचा, इंडक्शनच्या बुडाचा स्टीलचा न्या, आणि शिट्टी होणार हे सोबतच्या लोकांना आधी सांगा. स्वयंपाकघर सामाईक असतं, तो आवाज न ऐकलेला माणूस दचकतो.

किराणा कुठे मिळतो?

गव्हाचं पीठ, तूरडाळ, तांदूळ आणि मसाले मोठ्या सुपरमार्केटमध्येही मिळतात. दहा किलोचं पोतं स्वस्त दिसतं, पण आठ आठवड्यांत एका माणसाला दीड-दोन किलो पीठ आणि तीन किलो तांदूळ पुष्कळ होतात. लंडनमध्ये ब्लूम्सबरीच्या आसपास राहणाऱ्यांना यूस्टनजवळचा ड्रमंड स्ट्रीट चालत अंतरावर आहे. मोठी खरेदी वेम्बलीचा ईलिंग रोड किंवा साउथॉलला. ऑक्सफर्डला काउली रोड. अनेक सुपरमार्केटांत सदस्य कार्डावरच सवलतीचा भाव मिळतो. ते कार्ड फोनवर पाच मिनिटांत आणि फुकट निघतं.

शाकाहारी असाल तर पाकिटावरची शाकाहारी खूण पाहा. जेली गोळ्यांत आणि काही दह्यांत जनावरांपासूनचं जिलेटिन असतं, काही चीजमध्ये जनावरांपासूनचं रेनेट. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख, ती उलटली की टाका. 'बेस्ट बिफोर' नुसती चवीची.

शहरात फिरायला कोणतं कार्ड घ्यावं?

लंडनमध्ये ऑयस्टर घ्या. बँकेचं कार्ड टॅप करूनही जाता येतं, पण फॉरेक्स किंवा भारतीय कार्डावर प्रत्येक दिवसाला शुल्क लागू शकतं. दिवसाच्या आणि आठवड्याच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, ती गाठली की पुढचे पैसे कापले जात नाहीत. मात्र त्यासाठी रोज तेच कार्ड वापरावं लागतं. फोनमधलं कार्ड आणि प्लास्टिकचं कार्ड एकाच खात्याचं असलं तरी वेगळं धरलं जातं. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टॅप करा, बसमध्ये फक्त चढताना. लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख घेत नाहीत. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्यांसाठी मोकळी.

वर्गात प्राध्यापकांना 'सर', 'मॅडम' म्हणायचं का?

नाही. त्यांनी पहिल्या दिवशी स्वतःचं नाव जसं सांगितलं तसंच म्हणायचं, बहुधा नुसतं पहिलं नाव. आपल्या जिभेवर ते जड जातं, विशेषतः पांढऱ्या केसांच्या माणसाला. पण 'सर' म्हणत राहिलात तर त्यांना तुम्ही अंतर ठेवताय असं वाटतं. आपल्याकडे पद मोठं असेल तर एक गोष्ट अधिक महत्त्वाची: ओळख करून देताना पदनाम आणि खात्यांची यादी नको. दोन वाक्यांत सांगा की तुम्ही कोणता प्रश्न सोडवण्यात गुंतलेले आहात. 'तीन तालुक्यांतल्या पाणीवाटपाच्या भांडणात मी मध्यस्थी करतो' हे लोकांना लक्षात राहतं, पदनाम राहत नाही.

वाचन संपतच नाही. सगळं वाचायचं असतं का?

केसस्टडी, म्हणजे चर्चेसाठी लिहिलेली एखाद्या खऱ्या पेचाची हकीकत, पूर्ण वाचायची, बाकीचं चाळायचं. एक केस दहा ते पंचवीस पानांची असते. पहिल्यांदा सुरुवातीचे दोन परिच्छेद आणि शेवट वाचा: निर्णय कुणाला घ्यायचाय आणि कधीपर्यंत. मग परिशिष्टातले तक्ते. मग अख्खी केस, पेन्सिल हातात घेऊन. शेवटी अर्ध्या पानावर तीन गोष्टी लिहा: मी काय केलं असतं, त्याला कोण विरोध करेल, आणि माझा निर्णय चुकीचा ठरवणारी कोणती माहिती केसमध्येच आहे. ही तिसरी ओळ लिहिणारा माणूस चर्चेत कधी अडकत नाही.

लोक अडकतात ते दुसऱ्याच ठिकाणी. सगळं वाचलेलं असतं, पण बोलायला 'योग्य क्षण' येईल म्हणून वाट पाहत बसतात. पहिल्या वीस मिनिटांत एकदा बोला, चाळीस सेकंद पुरेत. उशीर झाला की तुमचा मुद्दा दुसऱ्याने मांडलेला असतो.

इंग्रजी येतं, तरी बोलणं नीट कळत नाही. का?

शब्द कळतात, वजन कळत नाही. 'इंटरेस्टिंग' म्हटलं तर अनेकदा असहमती असते. 'नॉट बॅड' ही चांगली शाबासकी असते. 'तुम्ही कदाचित याचा विचार करू शकाल' याचा अर्थ 'हे बदला'. अभिप्राय मऊ भाषेत येतो म्हणून तो किरकोळ समजू नका. शंका असेल तर सरळ विचारा की हा बदल आवश्यक आहे की ऐच्छिक. असं विचारणं तिथे उद्धट समजलं जात नाही.

'चॅटम हाउस नियम' म्हणजे काय?

लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेने 1927 मध्ये केलेला नियम. त्या बैठकीत ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कुणी सांगितली, तो कोणत्या संस्थेचा, हे उघड करता येत नाही. बैठकीला आणखी कोण हजर होतं हेही नाही. माजी मंत्री, राजदूत, कंपन्यांचे प्रमुख वर्गात मोकळं बोलतात ते याच भरवशावर. म्हणून पाहुण्यासोबतचा फोटो आणि 'आज यांनी असं सांगितलं' अशी पोस्ट टाकणं हा नियमभंग आहे. पत्रकारांनी आणि समाजमाध्यमांवर रोज लिहिणाऱ्यांनी प्रत्येक सत्राआधी नियम लागू आहे का हे विचारून घ्यावं.

छोट्या गटात 'सल्ला देऊ नका' असं का सांगतात?

तो ॲक्शन लर्निंगचा गट असतो. रेग रेव्हन्स या ब्रिटिश विचारवंताने रुजवलेली पद्धत. पाच ते आठ जण बसतात, एकजण आपली खरी, न सुटलेली अडचण मांडतो, आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. आपल्याला हे सर्वांत अवघड जातं. समोरच्याने अडचण सांगितली की उपाय देणं ही आपल्याकडे आपुलकी असते. इथे 'तू वरिष्ठांशी बोलून का पाहिलं नाहीस?' हाही प्रश्नाच्या कपड्यातला सल्लाच. त्याऐवजी 'वरिष्ठांना यात काय गमवायची भीती असेल?' असं विचारा. स्वतःची पाळी येईल तेव्हा यशोगाथा नको, सध्या झोप उडवणारी गोष्ट मांडा. सुटून गेलेली अडचण घेऊन आलेल्याच्या पदरात काहीच पडत नाही.

360 अंशांचा अभिप्राय कधी गोळा करायचा?

निघण्यापूर्वी महिनाभर. यात तुमच्या कामाबद्दल चहूबाजूंच्या लोकांची मतं घेतात, म्हणून वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे असे आठ-दहा लोक निवडा. त्यांत मतभेद असलेले दोन तरी असू द्या. उत्तरं नावाशिवाय जातात हे हाताखालच्यांना स्वतः सांगा, नाहीतर सगळेच सगळीकडे पूर्ण गुण देतात आणि अहवाल निरुपयोगी होतो.

लेखी काम आणि एआय?

संस्थेचा नियम आधी वाचा. काही ठिकाणी भाषा सुधारायला चालतं आणि ते नमूद करावं लागतं, काही ठिकाणी अजिबात नाही. दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हाशिवाय घेतलं तर ते हेतू नसतानाही चोरीच धरलं जातं. इथे वयाची किंवा पदाची सवलत मिळत नाही.

घरच्यांशी आणि ऑफिसशी वेळ कशी जुळवायची?

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेचार तास पुढे, उरलेल्या काळात साडेपाच तास. शरद ऋतूतल्या अभ्यासक्रमात हा बदल मध्येच येतो आणि ठरलेले कॉल चुकतात. वर्ग पाचला संपेपर्यंत घरी रात्रीचे साडेनऊ-साडेदहा वाजलेले असतात आणि लहान मुलं झोपलेली असतात. त्यापेक्षा तिथल्या सकाळी साडेसातला, म्हणजे घरच्या दुपारी बारा-एकला बोला. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी शनिवार-रविवार राखून ठेवा.

ऑफिसचा पदभार लेखी देऊन या, सही करण्याचे अधिकारही. आठवड्यातला एक ठरलेला तास ऑफिसला द्या. त्याहून जास्त दिलात तर शरीराने लंडनला आणि मनाने आपल्या टेबलावर अशी अवस्था होते, आणि ते वर्गातल्या सगळ्यांना दिसतं.

हिवाळ्यात उदास वाटतं, हे साहजिक आहे का?

हो. डिसेंबरात लंडनला सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चाला, ढग असले तरी. तिथली आरोग्यसेवा हिवाळ्यात सर्वांनाच रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाचा विचार करायला सांगते. आधीच घेत असाल तर डॉक्टरांना विचारा. दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलेलंच राहिलं तर अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला सांगा. ते बोलणं गुणांशी जोडलं जात नाही.

चोरी, फसवणूक?

लंडनमध्ये रस्त्याच्या कडेला फोन हातात धरून नकाशा पाहू नका, सायकलवरून येऊन हिसकावून नेतात. दुकानाच्या आत शिरून पाहा. फोनचा आयएमईआय क्रमांक *#06# दाबून लिहून ठेवा. तातडी नसलेल्या तक्रारीला पोलिसांचा क्रमांक 101. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद, मग ऑल्डविचच्या इंडिया हाउसमध्ये भारतीय उच्चायुक्तालय. 'व्हिसात चूक आहे, दंड भरा' असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजून ठेवून द्या आणि विद्यापीठाच्या कार्यालयात सांगा.

मराठी माणसं कुठे भेटतील? सुट्टीत काय पाहावं?

लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, डॉलिस हिल भागात त्याची स्वतःची वास्तू आहे. गणपती किंवा दिवाळीच्या सुमारास तिथे असाल तर कार्यक्रमांची चौकशी आधी करा.

प्रिमरोझ हिलजवळ 10, किंग हेन्रीज रोड हे घर चुकवू नका. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी त्याच काळातली. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये हे घर विकत घेतलं. जवळचं ट्यूब स्टेशन चॉक फार्म. भेटीच्या वेळा आदल्या दिवशी पाहून घ्या.

तुमच्या कामाचा जिल्ह्याच्या, जमिनीच्या किंवा पाण्याच्या जुन्या नोंदींशी संबंध असेल तर यूस्टन रोडवरची ब्रिटिश लायब्ररी दोन शनिवारांसाठी राखून ठेवा. इंडिया ऑफिसची, म्हणजे इंग्रजी राजवटीत लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याची, दफ्तरं तिथे आहेत. वाचकपत्र फुकट मिळतं, पण ओळखीसोबत घरच्या पत्त्याचा मूळ पुरावा लागतो, म्हणून तो भारतातूनच सोबत घ्या. कागद आधी मागवून ठेवावे लागतात, आणि वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या.